दर दोन मिनिटांनी एक चमचा



दिवाळीचा फराळ संपला, आकाशकंदील पुन्हा बेसमेंटमधल्या खोक्यात गेला आणि गराजच्या कोपऱ्यातले बर्फ काढायचे फावडे पुढे आले, म्हणजे आपला ओहायोचा हिवाळा सुरू झाला असे समजायचे. या दिवसांत दारे-खिडक्या बंद, मुले घरात, आणि दर शनिवारी कुणाच्या ना कुणाच्या बेसमेंटमध्ये वाढदिवस. एका घरातला आजार दुसऱ्या घरात जायला फार खटपट लागत नाही, केकच्या ताटलीवरूनसुद्धा जातो. म्हणून यंदाच्या हिवाळी अंकात आमच्या सदराचा विषय जरा चारचौघांत न बोलण्यासारखा आहे: लहान मुलांच्या उलट्या आणि जुलाब. जेवता जेवता अंक चाळण्याची ज्यांना सवय आहे त्यांनी हे पान हात धुवून झाल्यावर वाचावे. हात धुण्याचा विषय पुढे येणारच आहे.

आधीच सांगून टाकतो, आमच्या घरात एक इंजिनियर आणि एक अकाउंटंट आहे. डॉक्टर कुणीच नाही. इथे लिहिलेले सगळे आमच्या मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलेले, छापील माहितीशी ताडून पाहिलेले आणि गेल्या हिवाळ्यात धाकट्याच्या निमित्ताने वापरलेले आहे. तुमच्या मुलाच्या बाबतीत शेवटचा शब्द अर्थातच तुमच्या डॉक्टरांचा.

आपल्याच गावचा पाहुणा

इथे ज्याला सगळे 'स्टमक फ्लू' म्हणतात त्याचा खऱ्या फ्लूशी काही संबंध नाही. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत ज्याला 'गॅस्ट्रो' म्हणतात ते हेच. बहुतेक वेळा हा विषाणूंचा उद्योग असतो आणि त्यातला सर्वांत मोठा उद्योगपती म्हणजे नोरोव्हायरस. या नावाचा उगम आपल्या ओहायोतच आहे हे फार लोकांना ठाऊक नसते. टर्नपाइकने टोलीडोकडे जाताना 'सँडस्की-नॉरवॉक' अशी पाटी लागते. मुलांना घेऊन सीडर पॉइंटला जाताना आपण तिथेच बाहेर पडतो आणि उत्तरेला वळतो. दक्षिणेला वळले की नॉरवॉक. १९६८ साली त्या गावातल्या एका प्राथमिक शाळेत उलट्यांची साथ आली आणि शाळेतली निम्मी माणसे आजारी पडली. त्या वेळचे नमुने जपून ठेवले होते. १९७२ मध्ये आल्बर्ट कापिकियन या शास्त्रज्ञाने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांत विषाणू दाखवला, त्याला 'नॉरवॉक विषाणू' म्हणू लागले आणि पुढे त्याचेच आटोपशीर 'नोरो' झाले.

दुसरा मोठा पाहुणा रोटाव्हायरस. तो १९७३ मध्ये मेलबर्नला रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला. त्याच्यावर लस आहे, तिच्याविषयी शेवटी. या दोघांवरही अँटिबायोटिक चालत नाही. आजार आपल्या पावलांनी येतो आणि आपल्याच पावलांनी जातो. उलट्या बहुधा एक-दोन दिवस टिकतात, जुलाब मात्र आठवडाभरही रेंगाळू शकतात. तोवर आई-बापांचे काम एकच: मुलाच्या अंगातले पाणी आणि क्षार कमी पडू द्यायचे नाहीत. ऐकायला सोपे आहे. मध्यरात्री, बाहेर बर्फ पडत असताना, ते किती सोपे असते तेही सांगतो.

गेल्या फेब्रुवारीतली रात्र

धाकटा तेव्हा वीस महिन्यांचा होता, वजन ११ किलो. साताऱ्याहून आजी आलेल्या होत्या. शुक्रवारी संध्याकाळी सातला डायपर बदलला तो ओला होता, हे पुढे फार महत्त्वाचे ठरले. साडेआठला पहिली उलटी झाली. बारा वाजेपर्यंत पाच उलट्या आणि दोन पाण्यासारख्या पातळ शी झाल्या. थोरलीला आम्ही वरच्या खोलीत झोपवले, कार्पेटवर जुनी चादर पसरली आणि तिच्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर तीन रकाने आखले: किती वाजता, काय आत गेले, काय बाहेर आले. इंजिनियरला संकटात दुसरे काही सुचत नाही म्हणून हसू नका. पुढे नर्सने जे जे विचारले त्याचे उत्तर त्या पानावर तयार होते.

आजी पहिल्यापासून अस्वस्थ होत्या. "अरे, त्याच्या पोटाला जरा विश्रांती द्या. पाणीसुद्धा देऊ नका. पाणी दिलं की लगेच बाहेर येतंय, दिसत नाही का?" त्यांचे निरीक्षण बरोबर होते. धाकट्याने सिपी कपातून घटाघटा पाणी प्यायले की दोन मिनिटांत ते परत येत होते.

सव्वाबाराला आम्ही डॉक्टरांच्या रात्रीच्या नंबरवर फोन केला. नर्सने शांतपणे एकेक प्रश्न विचारला. शेवटची शू कधी? रडताना डोळ्यांत पाणी येते का? जीभ आणि ओठांच्या आतला भाग ओला आहे की चिकट? डोळे खोल गेलेत का? हाक मारली की बघतो का? उलटीचा रंग हिरवा आहे का? शीमध्ये रक्त आहे का? मग तिने सांगितले ते असे: पाच मिलिलिटरचा चमचा किंवा औषधाची सिरिंज घ्या. दर पाच मिनिटांनी एकच चमचा ओआरएस द्या, त्याने कितीही मागितले तरी जास्त नाही. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबा आणि पुन्हा सुरू करा. तासाभराने टिकते आहे असे वाटले तर दर दोन मिनिटांनी एक चमचा करा. तीन वाजेपर्यंत शू झाली नाही, किंवा त्याआधी कधीही तो मलूल पडला, तर इमर्जन्सी रूममध्ये या.

तीन वाजता शेवटच्या ओल्या डायपरला आठ तास होणार होते. आम्ही डायपर बॅग भरली, इन्शुरन्सचे कार्ड खिशात घातले, ड्राइव्ह-वेवरचा बर्फ ओढून गाडी बाहेर निघेल एवढी वाट केली. मग स्वयंपाकघरातला टायमर लावला आणि एकाने मांडीवर घ्यायचे, एकाने चमचा द्यायचा अशी पाळी सुरू झाली.

आजी समोर बसून बघत होत्या. एकच्या सुमाराला एक उलटी झाली. आम्ही दहा मिनिटे थांबलो आणि पुन्हा चमचा पुढे केला. त्यांच्या चेहऱ्यावर नापसंती स्पष्ट होती, पण बोलल्या नाहीत. पावणेदोनला आम्ही दर दोन मिनिटांवर आलो. त्यानंतर उलटी झाली नाही. धाकटा चमचा दिसला की आपणहून तोंड उघडू लागला. तेव्हा आजी म्हणाल्या, "दे ती वही इकडे, मी लिहिते." आणि लिहिता लिहिता, मान वर न करता, त्यांनी एक गोष्ट सांगितली.

त्या नऊ वर्षांच्या असताना, पाटण तालुक्यातल्या त्यांच्या गावी, धाकट्या भावाला असेच झाले होते. तो दोन वर्षांचा होता. "उलट्या, ढाळ. पाणी दिलं तर आणखी वाढेल असं सगळेच म्हणायचे, वैद्यसुद्धा. कोपऱ्यात पाण्याचा तांब्या होता. तो सारखा तांब्याकडे हात करायचा. आईनं शेवटी तांब्या उचलून परसात नेऊन ठेवला, त्याला दिसू नये म्हणून." दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो गेला. "तहानलेला गेला रे तो. आईनं पुढं आयुष्यभर हे कुणाला सांगितलं नाही. मलाही आज इतक्या वर्षांनी तोंडातून काढवलं."

आम्हाला काय बोलावे ते सुचेना. टायमर वाजला, चमचा दिला. आजींनी लिहिले: २.३६, एक चमचा.

तीनला दहा कमी असताना डायपर ओला झाला. नुसत्या पातळ शीने नव्हे, शूने. हे कळले ते डॉक्टरीणबाईंच्या एका जुन्या युक्तीमुळे: जुलाब असताना डायपरमध्ये पुढच्या बाजूला टिशूची घडी ठेवायची, म्हणजे शू झाली की नाही ते वेगळे समजते. परीक्षेचे, नोकरीचे, ग्रीन कार्डचे असे बरेच निकाल आम्ही आजवर ऐकले आहेत. त्या टिशूच्या घडीइतका आनंद त्यांतल्या फारच थोड्यांनी दिला असेल.

साखर कशाला, मीठ कशाला

दुसऱ्या दिवशी आजींनी विचारले, "मग त्या पाण्यात असं काय आहे, जे नुसत्या पाण्यात नाही?" प्रश्न चोख आहे, आणि उत्तर इंजिनियरला आवडावे असे आहे.

आतड्याच्या आतल्या अस्तरात पेशींच्या भिंतीवर छोटे दरवाजे असतात. त्यांतला एक दरवाजा असा आहे की त्यातून एकटी साखर जात नाही आणि एकटे मीठही जात नाही. ग्लुकोजचा एक रेणू आणि सोडियमचे दोन कण एकत्र आले तरच तो उघडतो. ते आत गेले की त्यांच्यामागे पाणी ओढले जाते. जुलाबात आतड्याच्या बाकीच्या यंत्रणा बिघडल्या तरी हा दरवाजा बऱ्याच अंशी चालू राहतो. म्हणून नुसत्या पाण्याने जे होत नाही ते साखर-मिठाच्या मोजक्या मिश्रणाने होते. ग्लुकोज आणि सोडियम असे जोडीने आत जातात ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली आणि १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी कॉलऱ्याच्या रोग्यांवर तिचा उपयोग करून दाखवला.

पण ती हजारो लोकांपर्यंत नेली एका बंगाली डॉक्टरने. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा मोजून मिसळला, पिंपांत पाणी भरून ठेवले आणि रोग्यांच्या नातेवाइकांच्याच हाती पेले दिले. तिथला मृत्यूचा आकडा शंभरात तीसच्या आसपास होता, तो चारच्याही खाली आला. हे द्यायला डॉक्टर लागत नाही, आई पुरे, हे त्या छावणीत सिद्ध झाले. महालनबीस ऑक्टोबर २०२२ मध्ये कोलकात्यात वारले. मागाहून, २०२३ मध्ये, त्यांना पद्मविभूषण जाहीर झाले.

आजींनी हे सगळे ऐकून घेतले आणि बोटांवर हिशेब केला. त्यांचा भाऊ गेला त्यानंतर चौदा वर्षांनी. "मीठ, साखर, पाणी," त्या म्हणाल्या. "तिन्ही घरात होतं."

घरात काय ठेवावे, किती द्यावे

जागतिक आरोग्य संघटनेने २००२ पासून जे प्रमाण ठरवले आहे ते एक लिटर पाण्याला असे: ग्लुकोज १३.५ ग्रॅम, साधे मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. भारतातून आणलेल्या ओआरएसच्या मोठ्या पाकिटात हेच असते. ते पूर्ण पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच मिसळायचे. अर्धे पाकीट अंदाजाने एका कपात टाकले तर मीठ फार होते आणि ते लहान मुलाला धोक्याचे आहे. इथे लिटरचे माप घरात नसले तर सोपा उपाय: दुकानात मिळणाऱ्या पाण्याच्या १६.९ औंसाच्या दोन बाटल्या म्हणजे बरोबर एक लिटर. मिसळलेले पाणी चोवीस तासांनंतर फेकून द्यावे.

पाकीट आणताना एक बघा. भारतात फळांच्या रसासारखी गोड पेये बरीच वर्षे 'ओआरएस' हे अक्षर मिरवत खोक्यांतून विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ठरलेल्या सूत्राबाहेरच्या पेयांना ते नाव वापरायला मनाई केली. घरात जुना साठा असेल तर वरचे आकडे पाकिटावर छापलेत का ते वाचा.

इथल्या ड्रगस्टोअरमधले पीडियालाइट चालते. त्यात सोडियम थोडे कमी असते, लिटरमागे ४५ एकक, तर आरोग्य संघटनेच्या सूत्रात ७५. इकडच्या सर्वसाधारण आजारपणाला ते पुरते. बाटली उघडली की फ्रिजमध्ये ठेवून ४८ तासांत संपवायची. गेटोरेड हे धावणाऱ्यांसाठी आहे. त्यात साखर जास्त आणि सोडियम फार कमी. कोक, स्प्राइट आणि घट्ट सफरचंदाचा रस यांत साखर इतकी असते की ती उलट पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढवते. एक अपवाद सांगायला हवा. २०१६ मध्ये कॅनडातल्या एका अभ्यासात दिसले की ज्या मुलांना शोष जवळजवळ नाही, आजार सौम्य आहे आणि वय सहा महिन्यांपेक्षा जास्त आहे, त्यांना निम्मे पाणी घातलेला सफरचंदाचा रस दिला तरी चालते, कारण मुले तो आनंदाने पितात. शोष पडू लागला असेल तर मात्र ओआरएसच.

रात्री-बेरात्री हाताशी काहीच नसेल तर घरचे मिश्रण: एक लिटर पाणी, सहा सपाट टीस्पून साखर आणि अर्धा सपाट टीस्पून मीठ. शीग लावायची नाही. चव बघावी, अश्रूंपेक्षा खारट लागले तर ओतून द्यावे आणि पुन्हा करावे.

आता हिशेब. थोडा शोष पडलेल्या मुलाला किलोमागे साधारण ५० मिलिलिटर चार तासांत द्यावे असे सांगतात. आमच्या ११ किलोच्या मुलाला ५५० झाले. ऐकून धसका बसतो, ज्याच्या पोटात दोन घोट राहत नाहीत त्याला अर्धा लिटर कसे द्यायचे? पण दर दोन मिनिटांनी पाच मिलिलिटर म्हणजे तासाला १५०, चार तासांत ६००. बसले की नाही गणित? त्यानंतर प्रत्येक मोठ्या पातळ शीमागे किलोला १० मिलिलिटर, म्हणजे आमच्याकडे ११० , सुमारे अर्धा कप. अंगावर पिणाऱ्या बाळाचे पिणे कधीही बंद करायचे नाही, थोडे थोडे आणि वरचेवर पाजायचे.

पेज, खिचडी आणि जायफळ

उलट्या थांबल्या की चार-सहा तासांत खायला सुरुवात करावी. केळे, भात, सफरचंदाचा गर आणि टोस्ट एवढेच द्यायचे अशी इथली जुनी पद्धत होती; आता डॉक्टर तेवढ्यावर ठेवू नका म्हणतात, कारण त्यात पोषण पुरत नाही. इथे आजींची विद्या पूर्णपणे उपयोगी पडली. मिठाची चिमूट घातलेली भाताची पेज, मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, दहीभात, केळे. चार चमचे खाल्ले तरी खूप झाले. तळलेले आणि फार गोड तेवढे टाळावे. दूध बहुतेक मुलांना चालते. दुधानंतर जुलाब वाढताना दिसले तर काही दिवस दह्यावर भागवावे.

जायफळ आणि वेखंड उगाळून देण्याबद्दल आजींनी विचारले होते. आम्ही तो प्रश्न डॉक्टरीणबाईंपुढे जसाच्या तसा ठेवला. त्यांनी समजावले की जायफळ जास्त झाले तर मूल गुंगते, आणि या आजारात मूल आजाराने मलूल आहे की जायफळाने, हे कळेनासे होणे सर्वांत वाईट. वेखंड खाण्याच्या पदार्थांत वापरायला अमेरिकेत १९६८ पासून बंदी आहे. आजींनी ते लगेच मानले. "दात येताहेत म्हणून असेल" हेही आपल्याकडे ठरलेले वाक्य. दातांनी लाळ गळते आणि हिरड्या शिवशिवतात, पण पाच उलट्या होत नाहीत.

मोठ्यांच्या जुलाब थांबवायच्या गोळ्या, लोपेरमाइड वगैरे, लहान मुलांना अजिबात देऊ नयेत. पेप्टो-बिस्मॉलही नको, त्यात अॅस्पिरिनच्या जातीचे द्रव्य असते. उलटी थांबवणारे औषध गरज वाटली तर डॉक्टर एक डोस देतात, पण शेजारच्यांकडे उरलेली गोळी आणून देण्याचे ते औषध नव्हे.

केव्हा निघायचे

खालीलपैकी एक जरी दिसले तरी वही मिटावी आणि निघावे. आठ तासांत शू नाही (वर्षाच्या आतल्या बाळाला सहा तास). रडताना अश्रू नाहीत, तोंड कोरडे, डोळे खोल गेलेले. हाक मारून नीट जाग येत नाही किंवा मान टाकली आहे. उलटी हिरवी किंवा रक्ताची. शीमध्ये रक्त. पोट सतत दुखते आणि हात लावू देत नाही. चमच्याने देऊनही काही तास सगळेच बाहेर येते. ताप १०४ च्या वर. आणि बाळ तीन महिन्यांच्या आतले असेल तर १००.४ तापालाच फोन. को-पे आणि डिडक्टिबलचा विचार सकाळी करता येतो.

बाकीचे घर

आता हात धुण्याचे. नोरोव्हायरसला हॅंड सॅनिटायझर फारसा जुमानत नाही. साबण, वाहते पाणी आणि वीस सेकंद, याला पर्याय नाही. उलटी झालेली जागा आधी पेपर टॉवेलने टिपून, मग एक गॅलन पाण्यात ५ ते २५ टेबलस्पून साधे ब्लीच घालून पुसावी आणि निदान पाच मिनिटे ओली ठेवावी. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा अमोनिया कधीही मिसळू नये. कपडे गरम पाण्यात, ड्रायर सर्वांत जास्त उष्णतेवर. मूल बरे झाल्यावरही दोन आठवडे किंवा जास्त दिवस विषाणू शीतून बाहेर पडत असतो, म्हणून डायपर बदलणाऱ्याने साबण सोडू नये. आणि ज्याला आजार झाला त्याने थांबल्यापासून दोन दिवस दुसऱ्यांसाठी स्वयंपाक करू नये. पॉटलकला जाणाऱ्या मंडळींनी हे वाक्य फ्रिजवर लावावे. "पुऱ्या तर तळून झाल्यात, आता कसं नाही जायचं" हे आपले नेहमीचे. पुऱ्या दुसऱ्याने तळाव्यात.

आमच्याकडे एवढे करूनही रविवारी आजींना झालेच. लहान मुलाची जेवढी काळजी, तेवढीच पंचाहत्तरीच्या माणसाची घ्यायची असते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना लगेच विचारावे, आणि आई-वडील इकडे येण्याआधी त्यांचा प्रवासी विमा काढून ठेवावा. आजींच्या नावाने त्याच वहीत नवे पान उघडले. या वेळी थोरली चमचे मोजत होती आणि आजी तिला "अगं, पेल्यानं पिते मी, बाळ आहे का?" म्हणत होत्या. तिसऱ्या दिवशी त्या चहा मागू लागल्या तेव्हा आम्ही वही बंद केली.

लसीविषयी राहिलेच. रोटाव्हायरसची लस तोंडावाटे थेंबांनी देतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना तिची शिफारस करते, पण वेळ थोडा असतो: पहिला डोस बाळ पंधरा आठवड्यांचे होण्याआधी आणि शेवटचा आठ महिन्यांच्या आत. भारतातही २०१६ पासून ती सरकारी लसीकरणात आली, आणि तिथे वापरात असलेल्या लसींपैकी एक पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची आहे. ज्यांच्या घरी नवे बाळ यायचे आहे त्यांनी डॉक्टरांशी आधीच बोलून घ्यावे. नोरोव्हायरसची लस अजून बाजारात नाही, तिथे साबणच.

आजी एप्रिलमध्ये साताऱ्याला परत गेल्या. परवा फोनवर संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा विषय निघाला. मंडळाच्या बायका यंदा वाण काय द्यावे यावर खल करीत आहेत हे ऐकून त्या म्हणाल्या, "ते प्लॅस्टिकचे डबे आणि आरसे पुरे झाले. ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांना त्या पावडरीची दोन दोन पाकिटं द्या. आणि एक चमचा." सूचना आम्ही समितीकडे पाठवली आणि ती मान्य झाली आहे. तेव्हा जानेवारीत तिळगुळाबरोबर एक छोटी पुडी हातात आली तर चकित होऊ नका. तारीख बघून औषधांच्या कपाटात ठेवा, वर डॉक्टरांचा रात्रीचा नंबर लिहा. संपूर्ण हिवाळा ती पुडी न फोडता गेली तर उत्तमच.